सातव्या टाकीतली पिल्लं

१

गुलनिसा सकाळी दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या हातात लोणच्याची बरणी होती आणि बरणीत मेलेले मासे होते.

“सातवी टाकी गेली, अमू,” ती म्हणाली. “काल पहाटे. सगळीच्या सगळी.”

कासआगानं नुकताच चहा ओतला होता. दोन पेले. त्याची बायको तूबा वारून सात महिने झाले होते, पण हाताची सवय जात नव्हती. रोज तो दुसरा पेला परत किटलीत ओतायचा. आज त्यानं तो गुलनिसाकडे सरकवला.

“बस. आधी घोटभर घे.”

“घोटभर घेऊन काय करू? पाच वाजता ठाण्यातली जीप येणार आहे मला न्यायला.”

ती बसली मात्र. गुलनिसा म्हणजे तूबाच्या बहिणीची मुलगी; कासआगाला ती अमू, म्हणजे काका, म्हणायची. नदीकाठच्या स्टर्जन माशांच्या पैदास-केंद्रात कासआगा एकतीस वर्षं उस्ताद होता आणि अंड्यातून निघालेली पिल्लं तूबा वाढवायची. तूबा गेल्यावर ते काम गुलनिसाकडे आलं. या वसंतात सफीदरूद नदी चढून हत्तीमाशाची एकच मादी वर आली होती. स्टर्जनांत हत्तीमासा सगळ्यांत मोठा, आणि आता सगळ्यांत दुर्मीळ. तिची चार हजार पिल्लं सातव्या टाकीत होती.

“कशानं गेली?”

“वीज गेली. पंप थांबला. अशा वेळी वरच्या हौदाचा व्हॉल्व्ह उघडायचा असतो. सकाळी तो बंद सापडला. मी मुद्दाम बंद ठेवला की झोपेत राहिला, ते ठाण्यात ठरेल म्हणतात इंजिनियरसाहेब. सरकारी मालाची नासधूस, असं लिहिलंय कागदावर.”

काल पहाटे कासआगाच्या ओसरीवरचा दिवा तर जळत होता. केंद्राची लाइन वेगळी असेल, असं त्याला वाटलं.

“आणि तू कुठं होतीस?”

गुलनिसानं मान खाली घातली. “आडवी झाले होते. तासभर. पिल्लांनी गुठळी टाकून सहा दिवस झाले होते, अमू. दर तीन तासांनी किडे घालायचे, दिवस नाही, रात्र नाही. नुसरतअमू पंपघरातून आले, म्हणाले, पोरी, डोळे बघ तुझे, जा पड जरा, मी ऐकतो पाण्याचा आवाज. त्यांचं नाव कुठं घेऊ नका हं. त्यांनी आपली दया केली.”

मागच्या बाजूनं कुठूनतरी पंपाची बारीक घरघर येत होती. रोपणीचे दिवस होते. कुणीतरी खाचरात पाणी ओढत असेल.

“मी आता त्यातला राहिलो नाही, गुलनिसा,” कासआगा म्हणाला.

“खाला असती तर तिनं निदान बरणी उघडून बघितली असती.”

हे लागलं. कासआगा उठला. फडताळातून त्यानं तूबाचं भिंग काढलं, एक पिल्लू बशीत घेतलं आणि बशी खिडकीशी नेली. मग दुसरं घेतलं. मग पाचवं.

“वास कधी आला यांना?”

“लगेच. मी टाकीवर वाकले तेव्हाच.”

त्यानं दहावं पिल्लू बघितलं आणि भिंग खाली ठेवलं.

“गुलनिसा, ही काल मेलेली नाहीत.”

२

तिनं भिंग जवळजवळ हिसकावूनच घेतलं. बशीवर वाकली, आणि तिच्या तोंडून एकच शब्द निघाला.

“गुठळी!”

स्टर्जनचं पिल्लू अंड्यातून निघालं की आठ-नऊ दिवस काही खात नाही. पोटाशी त्याची शिदोरी असते, तिच्यावर ते जगतं. तोवर आतड्याच्या शेवटाला एक काळी गुठळी असते, बूच मारल्यासारखी. शिदोरी संपली की पिल्लू गुठळी बाहेर टाकतं आणि त्या घटकेपासून त्याला भूक लागते. त्याआधी खाऊ घातलंत तर खाणं पाण्यात कुजतं. उशीर केलात तर पिल्लं एकमेकांच्या शेपट्या तोडतात. तूबा त्या दिवसात टाकीशेजारीच झोपायची. टाकीच्या तळाला काळे ठिपके दिसले की तिची हाक अख्ख्या केंद्रात ऐकू यायची.

“ज्यांनी सहा दिवसांपूर्वी गुठळी टाकली, ती काल गुठळीसकट मरतील कशी?” कासआगा म्हणाला. “पहिल्या आठवड्यात सगळ्या टाक्यांत मिळून रोज पाच-सहाशे मरतातच. ती मेलेली काढता कुठं?”

“बादलीत. मग खड्ड्यात पुरतात.”

“बादली कोण नेतं?”

“जो मोकळा असेल तो. नुसरतअमू, ऐवाज ड्रायव्हर, कधी मी.”

“कुणीतरी ती पुरली नाहीत. साठवून ठेवली. काल पहाटे तुझी जिवंत पिल्लं काढून घेतली आणि त्यांच्या जागी ही ओतली.”

गुलनिसा उभी राहिली. “म्हणजे माझी पिल्लं जिवंत आहेत?”

“काल पहाटे होती. आता कुणाच्या हातात आहेत त्यावर आहे.”

दोघं कालव्याच्या बांधावरून निघाली. यंदा पाऊस चांगला झाला होता. कालवा काठोकाठ वाहत होता, बांधाला भगदाड पाडलं की पाणी आपोआप खाचरात उतरत होतं. बायका चिखलात वाकून रोपं लावत होत्या. एकीनं मान वर करून हाक दिली, “कासआगा, घरातून बाहेर पडलात! आज सूर्य कुठून उगवला?” त्यानं नुसता हात हलवला.

केंद्राचा इंजिनियर शहाबी तेहरानचा. पस्तिशीचा, कडक इस्त्रीचा, पण कामाला खोटा नव्हता. त्यानं भिंगातून बराच वेळ बघितलं.

“मी बाकीची चुना टाकून पुरली,” तो हळू आवाजात म्हणाला. “इतका सडका वास होता की बघायचं सुचलंच नाही.”

“मग तो कागद फाडा, साहेब.”

“कशाच्या जोरावर, आगा? ठाण्यातल्या माणसाला गुठळी दाखवू? तो म्हणेल, माशाच्या पोटातल्या घाणीवर केस सोडू का? वर तार गेली आहे. हत्तीमाशाची अख्खी पैदास बुडाली, असं मी कळवून बसलोय.” तो गुलनिसाकडे बघत नव्हता. “मला जिवंत पिल्लं दाखवा. जीप यायच्या आत. मग मी सगळ्यांसमोर हिची माफी मागतो.”

“आणि नाही सापडली तर?”

“तर ही जीपमध्ये बसेल. माझा इलाज नाही.” त्यानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. “ऐवाजच्या ट्रकपासून सुरुवात करा. केंद्रात बर्फाची पेटी फक्त त्याच्याकडे आहे. सहा-सात दिवसांचे मेलेले मासे बर्फाशिवाय कुणी ठेवू शकेल?”

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून गेले होते.

३

पण कासआगा आधी टाक्यांची नळजोडणी बघत हिंडला आणि दुपारी जेवणाच्या वेळी पंपघरात गेला. पाणी थांबलं होतं तिथून सुरुवात करायची, असा त्याचा जुना हिशेब होता.

नुसरत स्टोव्हवर भात चढवून बसला होता. पंचावन्न वर्षांचा, गोल पोटाचा. तूबा गेल्यापासून रोज संध्याकाळी कासआगाच्या दारात झाकलेली ताटली ठेवून जाणारा माणूस हाच.

“या, या! उस्ताद पंपघरात!” तो उठून उभा राहिला. “बसा. धुरावलेला मासा आहे, भात आहे. गुलनिसा, तूपण बस, पोरी. तुरुंगातसुद्धा पोटभर खाऊन जावं.”

“गंमत सुचतेय तुम्हाला,” गुलनिसा म्हणाली.

नुसरतचा चेहरा पडला. “रडून काय होणार? काल मी साहेबांना हात जोडून सांगितलं, विजेचा दोष, पोरीचा नाही.”

“किती वेळ गेली होती वीज?” कासआगानं विचारलं.

“तासभर. अंधार नुसता. मी इथं दिवा शोधत बसलो.”

“व्हॉल्व्ह?”

“मला वाटलं हिनं उघडला असेल.”

“हिला तर तूच झोपायला पाठवलंस.”

“पाठवलं. आणि वीज गेल्यावर जागी झालीच असेल, असं धरून चाललो. चूक झाली, उस्ताद. म्हातारा झालोय.” त्यानं भाताचं झाकण उचलून परत ठेवलं. “पण मला विचाराल तर ऐवाजला धरा. तो डोंगरातला माणूस. रोटी खाऊन खाऊन काळीज कोरडं झालंय त्याचं. त्याला माशाची काय माया?”

कासआगा भिंतीला टेकला. तेलाच्या पिंपामागे एक पोतं होतं. तोंड उघडं होतं, आत वाळलेल्या रोटीचे तुकडे.

“हे काय रे? तू आणि रोटी?”

“तोबा! मला रोटी नुसती दिसली तरी घशाला कोरड पडते. कोंबड्यांसाठी नेतो.”

पोत्याच्या वर भिंतीत एक मोठा खिळा होता. खिळ्याभोवती तेलाचा गोल डाग, आणि खिळा रिकामा.

“छोटा पंप कुठं आहे?”

“आस्तान्याच्या बाजारात. दुरुस्तीला टाकलाय.” नुसरतनं भात वाढला. कासआगानं हातानं नको म्हटलं तेव्हा तो जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, “तुम्ही बाहेर पडलात, बरं वाटलं. घराच्या मागं अजून जात नाही ना?”

“नाही.”

“नकाच जाऊ. काय ठेवलंय तिथं? उगाच जखम उकरायची.”

कासआगाला त्या वेळी वाटलं, माणूस किती जपतो आपल्याला. बाहेर पडल्यावर चार पावलांवर तो थांबला. पण का थांबलो, ते त्याचं त्यालाच सांगता येईना.

४

ऐवाज ट्रकचं टायर धूत होता. त्यानं त्यांना येताना बघितलं आणि हातातलं फडकं आपटलं.

“या, उघडा! पेटी उघडा, सीट उचका, माझ्या बायकोची ट्रंकसुद्धा बघा! साहेबांनी सकाळीच सांगितलंय गेटवाल्याला, ऐवाजला बाहेर सोडू नको म्हणून. का? तर मी डोंगरातल्या खलखालचा. मी भात कमी खातो, म्हणून मी चोर!”

“ओरडू नकोस. मी अजून काही म्हटलं नाही.”

“म्हणाल! तुम्ही सगळे तांदूळखाऊ सारखेच. तुमच्यात पोरगं रडलं की आई म्हणते, गप बस, नाहीतर रोटी खायला घालीन.”

गुलनिसाला त्या अवस्थेतही हसू फुटलं. कासआगानं खरंच पेटी उघडली. बर्फाची लादी अर्धी होती, कडा टोच्यानं फोडलेल्या.

“बाजाराला काल गाडी गेली?”

“नाही. चार दिवस उभी आहे.”

“मग लादी फोडली कुणी?”

“नुसरतनं. आठ-दहा दिवस झाले, रोज घमेलंभर नेतो. मी कशाला नाही म्हणू? आईच्या गुडघ्याला शेकायला लागतो म्हणाला.”

“कुणाच्या आईच्या?”

“त्याच्या. म्हातारीचा गुडघा सुजलाय ना.” ऐवाज दोघांच्या तोंडाकडे बघू लागला. “काय झालं?”

गुलनिसानं ओढणीचं टोक तोंडावर धरलं होतं. कासआगा सावकाश ट्रकच्या पायरीवर बसला. ऐवाजला या गावात येऊन दोनच वर्षं झाली होती. त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. नुसरतच्या आईचा जनाजा चार वर्षांपूर्वी निघाला होता, आणि खांदा देणाऱ्यांत कासआगा स्वतः होता.

“आणि रोटीचे तुकडे?” त्यानं विचारलं. “तेही तूच देतोस?”

“बायको देते. शिळं उरलेलं वाळवून ठेवते. महिन्याला पोतंभर नेतो कोंबड्यांना. का, कोंबड्याही माझ्याविरुद्ध साक्ष देणार का?”

इकडं गिलान प्रांतात कोंबडी कण्या खाते. घराघरात तांदूळ सडला जातो, कण्यांना तोटा नसतो. भात सोडून दुसरं काही न शिवणाऱ्या माणसाला पोतंभर रोटी एकाच गोष्टीसाठी लागते. केंद्रात पांढरे किडे मातीच्या खोक्यांत वाढवतात आणि त्या किड्यांना भिजवलेली रोटी घालतात. त्या किड्यांवर स्टर्जनची पिल्लं जगतात.

“वीज गेलीच नव्हती,” कासआगा म्हणाला. “माझ्या ओसरीवरचा दिवा जळत होता. त्यानं खटका पाडला.”

तो पंपघराकडे निघाला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. पंपघराला कुलूप होतं. गेटवाला म्हणाला, नुसरत जेवून लगेच मोटारसायकलवर गेला. मागं दोन दुधाचे कॅन बांधले होते.

५

“त्याच्या घरी जाऊ,” गुलनिसा म्हणाली. “आत्ताच्या आत्ता!”

“घरी नसणार. त्याच्या भावाची सहा पोरं आहेत अंगणात. तिथं काही लपत नाही.” कासआगा कालव्याच्या कडेला उकिडवा बसला. “मला विचार करू दे. तूबा असती तर कुठं ठेवली असती?”

“असं काय विचारता?”

“कारण त्याला जगवायची आहेत. विकायची असती तर त्यानं किडे पोसले नसते. पिशवीत भरून मोकळा झाला असता.” त्यानं काटकीनं चिखलात रेघ मारली. “गार पाणी हवं. या दिवसांत खाचरातलं पाणी तापतं, म्हणजे विहीर हवी. सावली हवी. छोटा पंप चालवायला वीज हवी. मोटारसायकलवर कॅन हिंदकळत न्यायचे, म्हणजे जवळ हवं.”

“चहाची जुनी वखार? तिथं विहीर आहे.”

“वीज तोडली तिथली. आणि चार हजार पिल्लं ठेवायची कशात? सांग तू.”

“टाकीत.”

“कसल्या?”

गुलनिसा बोलता बोलता थांबली. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि पिल्लं तासाभरात मरतात, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. नवी टाकी महिनोन् महिने पाणी बदलत भिजवावी लागते. पत्रा चालत नाही, गंजतो. हवी ती जुनी, मुरलेली सिमेंटची टाकी.

“गावात जुन्या टाक्या कुणाकडे आहेत?” ती स्वतःशीच म्हणाली. मग तिनं कासआगाकडे बघितलं.

कासआगाच्या हातातली काटकी थांबली होती. सकाळी चहा ओतताना ऐकलेली पंपाची घरघर त्याला आठवली. कालवा काठोकाठ भरलेला असताना खाचरात पंप लावतं कोण?

त्याच्या घराच्या मागं एक कौलारू पडवी होती. तिच्यात तीन सिमेंटच्या टाक्या होत्या, वीस वर्षांच्या. केंद्रात जगणार नाहीत म्हणून टाकून दिलेली अशक्त पिल्लं तूबा तिथं आणायची. शेजारी विहीर. आत दिवा. मागचं दार कालव्याच्या बाजूला, नुसती कडी. जनाजा निघाला त्या दिवसापासून कासआगानं तिकडे पाऊल टाकलं नव्हतं, आणि ही गोष्ट गावात सगळ्यांत चांगली कुणाला माहीत होती? रोज संध्याकाळी ताटली घेऊन येणाऱ्याला.

“तू साहेबांना घेऊन ये,” तो म्हणाला.

“तुम्ही एकटे जाल तिथं?”

तो चालू लागला. बांधावर त्याची चाल भरभर होती. स्वतःच्या घराला वळसा घालताना ती मंदावली, आणि पडवीच्या दाराशी पाय थांबलेच. आत पंप घरघरत होता. मग अचानक खरखरला, दोन गचके दिले आणि बंद पडला.

कासआगानं दार ढकललं.

६

नुसरत टाकीत कोपरापर्यंत हात घालून पंपाच्या तोंडावरची जाळी ओढत होता. त्यानं मागं वळून बघितलं, पण हात काढला नाही.

“शेवाळ अडकलंय,” तो म्हणाला. “मला एकट्याला निघत नाही.”

आरोप, प्रश्न, सगळं कासआगाच्या तोंडाशी आलं होतं. पाण्यात पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती. त्यानं खुंटीवरचं तूबाचं हंसाचं पीस काढलं, बाह्या सारल्या आणि तो दुसऱ्या बाजूनं वाकला. नुसरतनं जाळी धरली, त्यानं पिसानं शेवाळ झाडलं. तूबा तसंच झाडायची, म्हणजे पिल्लं ओरखडत नाहीत. पंप पुन्हा सुरू झाला. पाण्याची धार पडू लागली तशी पिल्लं हळूहळू तळाकडे गेली.

दोघं ओल्या हातांनी उभे राहिले.

“किती मेली?” कासआगानं विचारलं.

“आणताना पंधरा-वीस. बाकी सगळी आहेत.”

“का केलंस?”

नुसरत तूबाच्या स्टुलावर बसला. “सव्वीस वर्षं मी पाणी उपसतोय, उस्ताद. दर वर्षी लाखांनी पिल्लं नदीत सोडतो. ढोल वाजवतो, फोटो काढतो. त्यातलं एक तरी मोठं होऊन परत आलेलं तुम्ही पाहिलंत? नदीच्या मुखाशी जाळी लावून बसलेत लोक. यंदा एकच मादी आली. हिचीही पिल्लं चाळीस दिवसांनी त्याच जाळ्यांत घालायची? तूबाबाजी म्हणायच्या, टाकीतच वाढवली तर आई होईपर्यंत वाढतील. अठरा वर्षं लागतात. मी त्र्याहत्तरचा होईन. म्हटलं, एक तरी मोठा झालेला बघून मरावं.”

“साहेबांना सांगायचंस.”

“सांगितलं. ते म्हणाले, वरून परवानगी नाही.”

“आणि गुलनिसा?”

नुसरतनं चेहऱ्यावरून हात फिरवला. “वाटलं होतं, वीज गेली म्हणतील. विजेला कोण ठाण्यात नेतं? मग काल त्यांनी तिचं नाव लिहिलं. मी दोनदा निघालो सांगायला. दोन्ही वेळा इथं आलो, यांना बघितलं आणि परत फिरलो. पाचच्या आत सांगणार होतो.”

“सांगणार होतास?”

नुसरतनं ओले हात गुडघ्यांना पुसले. “माहीत नाही,” तो शेवटी म्हणाला. “खोटं कशाला बोलू तुमच्या समोर?”

“माझ्या घराच्या मागं, नुसरत. तिच्या जागेत.”

“दुसरीकडे जगली नसती,” नुसरत म्हणाला. ते खरं होतं.

दारात सावल्या पडल्या. शहाबी धापा टाकत होता. गुलनिसा त्याच्या बगलेतून पुढे आली आणि टाकीच्या काठावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. तिच्या ओठांची हालचाल होत होती. ती मोजत होती, मग तिनं मोजणं सोडून दिलं.

शहाबीनं एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा नुसरतकडे. खिशातून त्यानं कागद काढला आणि फाडला. “गुलनिसा खानुम,” तो म्हणाला, “मी चुकलो. हे मी उद्या केंद्रात सगळ्यांसमोर पुन्हा म्हणेन.” मग अडखळत, “जीप मात्र येणार. रिकामी परत पाठवता येणार नाही.”

“मी बसतो,” नुसरत म्हणाला.

“मी येतो तुझ्याबरोबर,” कासआगा म्हणाला. “एकट्यानं जाऊ नकोस.”

गुलनिसा नुसरतकडे पाठ करून उभी होती. पिल्लांसाठी ऐवाज ट्रकवर पिंपं घेऊन आला, पाणी भरून झालं, तरी ती वळली नाही. जीपचा भोंगा ऐकू आला तेव्हा तिनं तशीच उभ्यानं विचारलं, “किती वेळानं खायला घालत होता?”

“दर तीन तासांनी,” नुसरत म्हणाला. “तू घालतेस तसंच.”

“शेवटचं कधी?”

“दोन वाजून पन्नास मिनिटांनी.”

तिनं मान हलवली आणि ती ट्रकमध्ये चढली.

ठाणं जवळच होतं; कासआगा तिथून परतला तेव्हा उन्हं कलली होती. साहेबांनी जबानीत लिहून दिलं होतं की एकही पिल्लू वाया गेलं नाही. पंधरा-वीस मेली होती, पण कासआगा गप्प राहिला होता. नुसरतचं काय होतं, ते पुढच्या आठवड्यात कळणार होतं.

पडवीचं दार उघडंच होतं आणि पंप पिल्लांवाचून रिकाम्या टाकीतल्या पाण्यात चालू राहिला होता. तो बंद करायला कासआगा आत गेला. खटक्याकडे हात नेला आणि थांबला. टाकीच्या कोपऱ्यात, जाळीच्या सावलीत, काडीएवढं काहीतरी हललं. वाकून बघितलं तर एक पिल्लू होतं, चपट्या तोंडाचं, मिशा तळाला घासत चाललेलं.

“उद्या सकाळी केंद्रात नेऊन देईन तुला,” तो मोठ्यानं म्हणाला.

मग त्यानं घड्याळ बघितलं. सहाला दहा मिनिटं कमी होती. तीन तास झाले होते. कोपऱ्यात नुसरतचं खोकं होतं. त्यानं ओली माती बोटानं उकरली, चिमूटभर किडे घेऊन पाण्यात सोडले आणि स्टूल टाकीजवळ ओढून घेतलं. पंप त्यानं बंद केला नाही.